वरच्या मजल्यावरच्यांनो, खालच्या हॉटेलचा डक्ट उघडायला लावा

दादरमध्ये ज्यांचं घर उपाहारगृहाच्या, चायनीजवाल्याच्या, फरसाणवाल्याच्या किंवा केटररच्या डोक्यावर आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. रानडे रोड, गोखले रोड, केळकर रोड, पूर्वेला स्टेशनपासून हिंदमातेपर्यंतचा पट्टा, आणि तिथून पुढे परळ-लालबागही यात आलं. तुमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून, खालच्या स्वयंपाकघराचा धूर नेणारा पत्र्याचा एक चौकोनी डक्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेलेला असेल. कुणाच्या न्हाणीघराच्या खिडकीला तो जवळजवळ चिकटलेला असेल, कुणी त्याच्या आधाराने कपड्यांची दोरीही बांधली असेल. तो आतून शेवटचा कधी साफ झाला, हे या आठवड्यात लेखी विचारा. बाहेरून रंगवला कधी, हे विचारायचं नाही. आतून खरवडला कधी, एवढाच प्रश्न.

घाई अशासाठी की जुलै चालू आहे आणि श्रावण दारात आहे. श्रावणात दादरच्या कढया थंड होत नाहीत, उलट साबुदाणा वड्यासाठी जास्त वेळ तापतात. त्यामागून गणपती. खरेदीची गर्दी, लालबागच्या रांगेतून परतणारी माणसं, विसर्जनाच्या रात्री उशिरापर्यंत उघडी हॉटेलं. या दोन-अडीच महिन्यांत तळण भरपूर होतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून काही ठिकाणी डक्टच्या तोंडावर ताडपत्रीही टाकलेली असते, म्हणजे हवा कोंडते आणि तेलाचा चिकटा आणखी वेगाने बसतो.

कढईवरून उठतो तो नुसता धूर नसतो. त्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. शेगडीवरच्या हूडला ज्या पट्ट्यांच्या जाळ्या बसवलेल्या असतात त्या त्यातले बरेचसे अडवतात, पण सगळे नाही. उरलेले पंख्याच्या ओढीने डक्टमध्ये शिरतात आणि थंड पत्र्याला लागले की तिथेच बसतात. आधी पिवळट ओशटपणा. त्यावर पिठाची भुकटी, काजळी, रस्त्यावरची धूळ. मग काळा, चिवट थर, जो नखाने निघत नाही. सरळ उभ्या भागात तो पातळ असतो. वळणावर, आडव्या तुकड्यात आणि पंख्याच्या पात्यांवर जाड. म्हणजे जिथे हात पोहोचत नाही, तिथेच जास्त. पोरगा दर आठवड्याला जाळ्या उतरवून कॉस्टिकच्या पाण्यात उकळतो, मालक जाळ्या चकचकीत बघतो आणि काम झालं असं समजतो. जाळीच्या पलीकडचा तीस-चाळीस फूट डक्ट कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो.

किती थर म्हणजे जास्त? ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सरासरी 200 मायक्रॉनपर्यंतचाच थर चालवून घेतात, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. अमेरिकेत साधारण दोन मिलिमीटरला साफसफाई सक्तीची धरतात. आपल्याकडे डक्टचं झाकण उघडून आत बोट फिरवलं तर काय हाती लागेल, याचा अंदाज दादरच्या कुठल्याही वस्तादाला आहे. त्यालाच विचारा, तो मालकापेक्षा खरं सांगेल.

खाद्यतेल साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. डक्टमधल्या थराला तर बाहेरून ज्वाळा मिळते. चायनीजच्या कढईत उडवलेला भपका, तंदूरमधली ठिणगी, विसरून राहिलेलं तेल, काहीही पुरतं. पंखा ती ज्वाळा स्वतःच वर ओढून घेतो. एकदा आत शिरली की डक्ट हीच भट्टी होते. खाली स्वयंपाकघरात कुणीतरी शेगडी विझवून सुटकेचा श्वास टाकतो, आणि तिसऱ्या मजल्यावर पत्रा लाल होत असतो. त्या पत्र्याला टेकलेलं लाकडी तावदान, प्लायवूडचं कपाट, वायरींचा जुडगा, यांना पेटायला फार वेळ लागत नाही.

29 ऑगस्ट 2007 रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका बैठ्या उपाहारगृहात असंच झालं. चिकटा साचलेल्या एक्झॉस्टमधून आग छताच्या वरच्या पोकळीत गेली आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात न येता जळत राहिली. अग्निशमन दलाचे जवान आत गेले तेव्हा खाली फारसं काही दिसत नव्हतं. मग छतातून आग एकदम भडकली आणि दोन जवान गेले. ती इमारत एकमजली होती. आपल्याकडे अशा छतावर चार बिऱ्हाडं राहतात.

आगीपेक्षा धूर आधी पोहोचतो, हे दादरकरांना नव्याने सांगायला नको. 22 ऑगस्ट 2018 ला हिंदमातेजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली आणि धुराने चार जणांचा जीव घेतला. त्या दिवशी दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकल्याप्रमाणे शेजाऱ्यांना ओलं कापड तोंडाला धरायला लावलं आणि माणसं वाचवली. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. मुलीचं कौतुक सगळ्यांनी केलं. इमारतीच्या उभ्या पोकळ्यांमधून धूर किती पटकन चढतो, यावर मात्र गृहनिर्माण संस्थांच्या किती सभांमध्ये चर्चा झाली असेल, याबद्दल मला शंका आहे. त्याआधी 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्रीनंतर, कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले. तिथलं कारण डक्ट नव्हतं. पण त्यानंतर शहरात जे बोलणं झालं ते गच्चीवरच्या छपरांचं आणि बाहेर पडायच्या वाटांचं. तेही हवंच होतं. डक्टच्या पोटात काय आहे हा प्रश्न तेव्हाही बाजूला राहिला.

गिरणगावात हे अज्ञान मुळात नव्हतं, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्लोरूममध्ये, कार्डिंग खात्यात तरंगणारी रुई छतावर, तुळयांवर, हवेच्या मार्गांत बसायची आणि एका ठिणगीने भुर्रकन पेटायची. म्हणून रुई झाडायची पाळी लागलेली असायची आणि ती चुकवणाऱ्याची जॉबर खरडपट्टी काढायचा. कोहिनूर गिरणी गेली, इंडिया युनायटेड गिरणी गेली, आणि हवेच्या मार्गात जमलेली वस्तू हे जळण आहे ही समजही बहुधा त्यांच्याबरोबर गेली. गिरण्यांच्या काही जमिनींवर आता फूड कोर्ट आहेत.

आता कायद्याचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि दर जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून फॉर्म बी भरायचा असतो. आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं ते प्रमाणपत्र. हा महिना जुलै आहे, म्हणून विचारायची योग्य वेळही हीच. पण फॉर्म बी हातात आला म्हणून डक्टच्या आत कुणी टॉर्च मारली असेलच, असं धरून चालू नका. सिलिंडर भरलेले, फवारे जागेवर, अलार्म वाजतो, आणि डक्ट बोटभर चिकट, हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं. म्हणून दोन कागद मागा. एक फॉर्म बी. दुसरा डक्ट साफ केल्याची तारीख, कुणी केला, कुठपर्यंत केला आणि साफ करण्याआधीचे व नंतरचे आतले फोटो.

आणखी एक भानगड आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं आणि महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांनाही नोटिसा दिल्या. कारण हवेचं प्रदूषण, आणि ते योग्यच. पण ज्यांनी भट्टी बदलली त्यांनी चिमणीही बदलली का, हे विचारायला हवं. वर्षानुवर्षांची काजळी जिच्यात बसली आहे अशा जुन्या चिमणीखाली नवा गॅस बर्नर लावला, तर कागदावर सुधारणा झाली आणि जळण जिथल्या तिथे राहिलं.

साफ करायचं ठरलं की हल्ली एक शब्द हमखास कानावर येतो: ड्राय आइस, म्हणजे सुका बर्फ. आपल्याला तो ओळखीचा आहे तो शिवाजी मंदिरच्या रंगमंचावर सरपटणाऱ्या पांढऱ्या धुरामुळे, नाहीतर लग्नात नवरा-नवरीच्या पायाखालच्या ढगांमुळे. तोच गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्याच्या गोळ्या दाबाच्या हवेबरोबर पत्र्यावर मारतात. गोळी आदळते, थंडीने चिकटा कडक होऊन तडकतो, आणि गोळीचा क्षणात वायू होऊन ती आकाराने सुमारे 800 पट फुगते, त्या धक्क्याने थर सुटतो. मागे पाणी राहत नाही, वाळू राहत नाही, रसायन राहत नाही. म्हणून पंख्याची मोटर, विजेचं पॅनेल, बेकरीचे ओव्हन, साचे, छापखान्याची यंत्रं, एसीची कॉइल अशा जागी ही पद्धत खरोखर चांगली आहे. यंत्र पूर्ण उकलावं लागत नाही, काम रात्रीत आटोपतं, सकाळी दुकान सुरू. माझा या पद्धतीला विरोध नाही.

पण ती जादू नाही. सुटलेला चिकटा नाहीसा होत नाही, खाली पडतो. तो गोळा करायला डक्टच्या तळाशी पिशव्या, पत्रे आणि माणूस लागतो. बोटभर जाड, मऊ, ओला थर असेल तर आधी हाताने खरवडावाच लागतो, नंतर ड्राय आइस. काही डक्टांना गरम पाणी आणि क्षारयुक्त द्रावणच बरं. आणि ज्या डक्टला तपासणीची झाकणंच नाहीत, तिथे कुठलंही यंत्र आणा, वळणाच्या पलीकडे ते पोहोचणार नाही. कंत्राटदाराने झाकणं कुठे आहेत हे न विचारता दर सांगितला, तर तो वरवरचंच पुसणार हे समजा. पैसे आधी झाकणं पाडून घेण्यात घाला. जुन्या इमारतीत डक्टभोवती किंवा बॉयलरभोवती राखाडी, तंतुमय आवरण दिसलं तर त्यावर कुठलीही फवारणी करू देऊ नका. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर निघत नाहीत.

आता मालकांशी आणि त्याहून जास्त, रात्री बाराला काम करायला येणाऱ्या पोरांशी. सुक्या बर्फाचा होणारा वायू दिसत नाही आणि त्याला वास नाही. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो खाली बसतो. एक किलो सुक्या बर्फाचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. दादरमधलं एखादं स्वयंपाकघर धरा, बारा बाय दहाचं, दहा फूट उंच. त्यात मावते सुमारे 34 हजार लिटर हवा. हवेत हा वायू चार टक्के झाला की अमेरिकेतली कामगार आरोग्याची संस्था तो जिवाला तत्काळ धोका मानते. म्हणजे दारं-खिडक्या बंद असतील तर अडीच-तीन किलो बर्फ पुरे झाला. फवारणीचं यंत्र तासाला याच्या कितीतरी पट बर्फ उडवतं. आणि वास, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रात्री दारं बंद करून काम करायची आपल्याकडची सवय.

फेब्रुवारी 2020 मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाच्या पार्टीत ढगांची मजा म्हणून पोहण्याच्या तलावात सुका बर्फ ओतला. तीन जण मेले. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून सुका बर्फच पुढे आला आणि खाणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. आपल्या नागपाड्यात मार्च 2025 मध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. तिथे सुका बर्फ नव्हता, पण कोंदट जागेत उतरण्यापूर्वी हवा मोजायची नाही, ही सवय तीच. पहिला पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दुसऱ्याला.

म्हणून पोरांनो, तळघरातल्या किंवा पोटमाळ्यावरच्या स्वयंपाकघरात, डक्टच्या आत, बंद खोलीत, हवा मोजण्याचं यंत्र अंगावर असल्याशिवाय नळी हातात घेऊ नका. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही दाखवणारं यंत्र हवं. बाहेर उभा राहणारा एक माणूस हवा, ज्याला आत उतरायची परवानगी नाही, फक्त ओढून काढायची आणि हाक मारायची. डोकं जड झालं, श्वास वाढला, कानशिलं ठणकू लागली तर काम सोडून बाहेर या. पगार कापला तरी. उघड्या हाताने गोळी उचलू नका, ती त्वचा जाळते. जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, कानाला मफ. आवाज इतका असतो की कान बधिर व्हायला लागतील. पत्र्याला अर्थिंगची तार जोडल्याशिवाय सुरू करू नका, कारण या फवारणीत स्थिर वीज साठते आणि समोर तेल आहे. बर्फाची पेटी लिफ्टमध्ये माणसांबरोबर नेऊ नका, काचा बंद केलेल्या टेम्पोत शेजारी ठेवू नका, घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये तर मुळीच नाही, तो फुटतो. उरलेला बर्फ मोरीत ओतू नका. उघड्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी उडून जाऊ द्या.

मालकांनो, तुमची बाजूही कळते. भाडं, गॅस, पगार, पालिकेचे कागद, आणि त्यात एक रात्र धंदा बंद ठेवून डक्ट धुवायचा. अमेरिकेच्या एनएफपीए 96 या मानकात सांगितलेली वारंवारता डोळ्यांसमोर ठेवा: लाकूड-कोळशाच्या भट्टीवर दर महिन्याला तपासणी, दिवसरात्र चालणाऱ्या किंवा जोरदार तळणाच्या स्वयंपाकघरात दर तीन महिन्यांनी, मध्यम वापराला सहा महिन्यांनी, आणि उत्सवापुरतं चालणाऱ्या सभागृहाच्या स्वयंपाकघराला वर्षातून एकदा. दादरच्या वडा-भजीवाल्यांना आणि चायनीजवाल्यांना तीन महिन्यांची पाळी लागू पडते, हे तुम्हीही मान्य कराल. मंगल कार्यालयवाल्यांनो, वर्षातून एकदा म्हणजे तुळशीच्या लग्नाआधी, लग्नं उरकल्यावर नाही. स्वयंपाकघरात पाण्याचा पाइप हा आगीवरचा इलाज नाही. पेटत्या तेलावर पाणी टाकलं की ते स्फोट झाल्यासारखं उडतं. तेलाच्या आगीसाठीचं वेट केमिकलचं उपकरण ठेवा आणि रात्रपाळीच्या पोराला ते हाताळून दाखवा. भिंतीवर लटकवून चालणार नाही.

एक इशारा घरगुती ग्राहकांनाही. डक्टची भीती पसरली की तुमच्या फ्लॅटमधल्या एसीचे डक्ट धुऊन देतो, दमा जाईल, असं सांगणारे फोन सुरू होतील. पैसे जपून ठेवा. घरातले एसी डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकेची पर्यावरण संस्थाच सांगते. आत बुरशी दिसत असेल, उंदरांनी घर केलं असेल, किंवा झरोक्यातून धूळ उडत असेल तरच करा. धोका तेलाच्या डक्टमध्ये आहे, आणि तो तुमच्या घराचा नसून खालच्याचा आहे. म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.

आता काम. येत्या रविवारी सकाळी, हॉटेलची गर्दी सुरू होण्याआधी, इमारतीतली दोन-तीन माणसं मिळून गच्चीवर जा. डक्टचं तोंड बघा. तोंडाभोवती, भिंतीवर काळे ओघळ असतील, पंख्याच्या खोबणीत काळं टपकत असेल, तर आतलं चित्र त्याहून वाईट आहे. ताडपत्री असेल तर काढायला लावा. डक्टला टेकलेलं लाकूड, कपडे, गॅलरीतलं सामान, वायरी हलवा. हे तुमचंच आहे, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. मग खाली मालकाला भेटा. भांडायला जाऊ नका. अनेकदा त्याचं कुटुंबही त्याच इमारतीत राहत असतं. संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या: डक्ट शेवटचा कधी साफ केला, पुढची तारीख काय, आणि या जुलैचा फॉर्म बी कुठे आहे. पागडीच्या इमारतीत संस्था नसेल तर भाडेकरूंनी सह्या कराव्यात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर विभाग कार्यालयात तक्रार द्या. दादर पश्चिम जी-उत्तरमध्ये, प्लाझामागे. पूर्वेचा बराचसा भाग एफ-उत्तरमध्ये. हिंदमाता आणि परळ-लालबाग एफ-दक्षिणमध्ये. प्रत अग्निशमन दलाला द्या आणि पोच घ्या. फोनवर तक्रार नोंदवायची असेल तर महापालिकेचा क्रमांक 1916.

आणि मधल्या काळात आग लागलीच, डक्टमधून घरघर ऐकू आली, पत्रा तापला, गच्चीवर ठिणग्या दिसल्या, तर 101 ला फोन करताना आग स्वयंपाकघराच्या डक्टमध्ये आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. खालच्यांनी गॅस बंद करून बाहेर यावं. वरच्यांनी डक्टच्या बाजूच्या खिडक्या लावून, मागच्या खोल्या सोडून जिन्याने उतरावं, लिफ्टने नाही. आजी-आजोबा कुठल्या खोलीत झोपतात, हे शेजाऱ्याला आज रात्रीच सांगून ठेवा.